पाकिटाची मागची बाजू

आमच्या धंद्यात कागद फुटात मोजतात. साडीला वार, दुधाला लिटर, तसं माणसाच्या आयुष्यभराच्या पत्रव्यवहाराला फूट. "किती आहेत यांचे पेपर्स?" असं माझ्या बॉसने, बार्बराने, विचारलं की मी टेप घेऊन शेल्फपाशी उभी राहायची आणि सांगायची, "चौदा फूट." एखाद्या राजदूताचे चाळीस फूट भरतात, एखाद्या भल्या माणसाचे जेमतेम दीड. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुमचे किती भरतील हो?" तर म्हणाले, "टॅक्सचे धरून की सोडून?"

मी नागपूरची. लायब्ररी सायन्स शिकलेली. यांच्या सांता क्लाराच्या नोकरीमागून इकडे आले ती दोन वर्षांसाठी, असं सगळ्यांना सांगून. मग व्हिसाचे सोपस्कार झाले, मुलं झाली, आणि इथल्या एका विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये मला काम लागलं. बावीस वर्षं केलं. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी पुस्तकं द्यायची-घ्यायची. बाप्पा! बावीस वर्षांत एक पुस्तक दिलं नाही कोणाला.

अर्काइव्ह म्हणजे मेलेल्या माणसांची कपाटं आवरण्याचं काम, असं समजा. कोणीतरी जातं, पोरंबाळं घर विकायला काढतात, आणि खोकी आमच्याकडे येतात. आम्ही एकेक कागद हातात घेतो. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या उलगडायच्या, पिवळ्या न पडणाऱ्या फोल्डरमध्ये घालायचे, फोल्डरवर पेन्सिलीने नाव लिहायचं, आणि शेवटी कोणत्या बॉक्समध्ये काय आहे याची यादी करायची. मालकाने कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम, सगळंच ठेवायचं नाही. जागा कुठे असते? दुसरी प्रत असेल तर फेकायची. बिलं फेकायची. आणि पत्राची पाकिटं फेकायची, जर त्यांच्यावर पत्राबाहेरचं काही लिहिलेलं नसेल तर. हे 'जर' लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गिऱ्हाइकं आमची एकाहून एक. एक निवृत्त सरकारी अधिकारी दर मंगळवारी यायचे, चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेला चीनवरचा रिपोर्ट मागवायचे आणि हळूच त्यात दुरुस्त्या करायचे. रीडिंग रूममध्ये पेन चालत नाही, पेन्सिल चालते, पण ती आपल्या वहीवर! तिसऱ्यांदा पकडलं तेव्हा मी पेन्सिल काढून घेतली. बिचारे म्हणाले, "पण मी तेव्हा चुकलो होतो." मी म्हटलं, "चुकलेलंच ठेवायचं असतं इथे." मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

आमच्याकडे चीनवरचा संग्रह मोठा. महायुद्ध संपल्यानंतरची आठ-दहा वर्षं, माओचा पक्ष सत्तेवर आला, तो रशियाच्या बाजूला गेला, अमेरिका म्हणाली आम्ही या सरकारला ओळखतच नाही, या सगळ्या काळातले कागद. पुण्याहून पीएचडीला आलेला एक मुलगा दिवसदिवस त्यात बुडून असायचा. "काकू, हे सोनं आहे यार!" असं म्हणत डबा खायलाही उठायचा नाही. त्याला राजदूतांच्या तारा आणि तह हवे असायचे. मला मात्र अठरा बॉक्स आवडायचे ते एका घरमालकीणबाईंचे.

ह्या बाई शिकागोजवळ राहायच्या. नवरा रसायनशास्त्राचा प्रोफेसर, घर मोठं, मूल नाही. महायुद्धानंतर चीनमधून शिकायला आलेली मुलं त्यांच्याकडे भाड्याने राहायची. मुलं आली तेव्हा चीन एक होता, पदवी घेईपर्यंत दुसराच झाला. मग कोरियाचं युद्ध पेटलं. अमेरिकेने ठरवलं, ज्यांना विज्ञान येतं त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, उद्या आपल्यावरच उलटायचे. त्यामुळे घरी बायको, पोर, म्हातारे आईबाप, आणि हे इथे बाईंच्या माडीवर. शेवटी १९५५ साली जिनिव्हात दोन्ही देशांचे राजदूत समोरासमोर बसले. एकमेकांना मान्यता नाही, पण माणसं तर अडकलेली. ठरलं असं की ज्यांना परत जायचंय त्यांना जाऊ द्यावं. पण अमेरिकेत चीनची वकिलातच नव्हती, मग त्या मुलांनी जायचं कोणाकडे? तर आपल्याकडे! भारताच्या वकिलातीकडे. पोस्टापोस्टांत तशा नोटिसा लागल्या होत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अख्ख्या ऑफिसला ऐकवत सुटले. आपल्यात म्हणतात, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. इथे तिसऱ्याला लाभ कसला, नुसते हेलपाटे. पण मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

ते अठरा बॉक्स मी लावले ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. बाईंनी प्रत्येक मुलाचा फोल्डर केला होता. त्याला आलेली पत्रं, त्याने केलेले अर्ज, अर्जांच्या कार्बन कॉपी. मुलं पुढे पांगली आणि कागद बाईंकडेच राहिले. पहिल्या दोन बॉक्समध्ये बाईंचं स्वतःचं टपाल होतं, त्यातली पाकिटं मी नियमाप्रमाणे उलटसुलट बघितली. काही नव्हतं. मग मला घाई सुटली. बार्बराला दाखवायचं होतं ना, ही भारतातून आलेली बाई काय झपाट्याने काम करते ते! तिसऱ्या बॉक्सपासून मी पाकिटाची फक्त पुढची बाजू बघायची, पत्ता आहे, तिकीट आहे, बास, आणि पाकीट बाजूला.

आता ती पाकिटं तरी मुकाट्याने रद्दीत टाकावीत की नाही? पण आपल्याच्याने वस्तू टाकवत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या आईची मुलगी मी. त्यावर चीनची पोस्टाची तिकिटं होती, कामगार, धुराडी, झेंडे असलेली. बार्बराला विचारलं, ती म्हणाली, "टाकायचीच आहेत, खुशाल ने." मी पिशवी भरून फ्रीमाँटला घरी आणली. तेव्हा मी रविवारची मराठी शाळा घ्यायची, नऊ मुलं होती. त्यांना बाराखडी नको असायची, म्हणून आमिष. माझ्याच स्वयंपाकघरात परातीत कोमट पाणी घेतलं आणि पाकिटं भिजवून तिकिटं कशी सोडवायची ते शिकवलं. पोरं खूश, मी खूश. भिजलेल्या कागदाचा लगदा मी कंपोस्टमध्ये टाकला. गुलाबाला घातला तो, आणखी काय सांगू.

त्यानंतर वीसेक वर्षं गेली. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी रीडिंग रूममध्ये दोघी आल्या. एक मेई, सांता क्लारामध्ये इंजिनीअर, चाळिशीची. दुसरी तिची आई, पंचाहत्तरीच्या घरातली, बारीक, ताठ बसणारी. मी मनात तिला लिनबाई म्हणायला लागले. लिनबाई चिनीत बोलायच्या, मेई इंग्रजीत सांगायची. घरमालकीणबाईंच्या माडीवर राहिलेल्यांपैकी एक मुलगा म्हणजे लिनबाईंचे वडील. ते अमेरिकेला निघाले तेव्हा ही एक वर्षाची. परत कधी आले नाहीत. पुढे ओहायोत कुठल्याशा छोट्या कॉलेजात शिकवलं, एकटेच राहिले, दुसरा संसार मांडला नाही, आणि दोन्ही देशांनी हात मिळवायच्या आधीच वारले. आईने जन्मभर वाट पाहिली. बाप अमेरिकेत म्हणून तिकडे मायलेकींनी काय काय सोसलं, ते मेईने एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेली. मीही विचारलं नाही.

फोल्डर उघडला. त्यात तीन पत्रं होती, दोन जुनी, एक १९५५ च्या शरद ऋतूतलं. त्याशिवाय दोन कार्बन कॉपी. पहिली भारतीय वकिलातीला: मला मायदेशी परत जायचं आहे, मदत करावी. मेईने हे वाचून दाखवलं तेव्हा लिनबाईंनी टेबलाची कडा घट्ट धरली. त्यांना हे माहीतच नव्हतं. बापाला परत यायचं होतं! दुसरी कॉपी त्यानंतर काही आठवड्यांची, तीन ओळींची: मी विचार बदलला आहे, कृपया माझं नाव यादीतून काढावं. कारण काही नाही. टाइप केलेला गुरुवार आणि तारीख.

आणि ते शेवटचं पत्र, बायकोचं. तारीख नाही, नुसतं 'चंद्रोत्सवानंतर', म्हणजे त्यांच्या कोजागिरीनंतर, असं. मेईने हळूहळू वाचलं. आता येऊ देतात असं ऐकलं आहे. मी थकलेली नाही, पण तुम्ही या. मुलगी आठ वर्षांची झाली, तिला लिहिता येतं, खाली बघा. आणि खाली मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ. लिनबाईंनी बोट ठेवून ती स्वतःच वाचली. त्यातला 'बाबा' मला कळला, त्यांच्यातही बापाला बाबाच म्हणतात. बाबा, घरी या.

मला भडभडून आलं. खोटं कशाला बोलू, मला त्या बापाचा राग आला नाही. आम्हीही दोन वर्षांसाठीच आलो होतो. माझे वडील दर फोनवर "या वर्षी येताय ना कायमचे?" विचारायचे आणि मी "पुढच्या वर्षी, नक्की" म्हणायची. ते गेले तेव्हाही मी 'पुढच्या वर्षी'वरच होते. यादीतून आपलं नाव आपणच कसं काढतो, ते मला विचारा.

लिनबाईंना एकच गोष्ट हवी होती. मेई म्हणाली, "आईला जाणून घ्यायचंय, नाव मागे घेतलं तेव्हा त्यांनी हे पत्र वाचलं होतं का. आजी म्हणायची, पत्र पोचलंच नसेल वेळेवर, पोचलं असतं तर आलेच असते." टपाल तेव्हा हाँगकाँगमार्गे यायचं, दोन आठवडेही लागत, दोन महिनेही. पत्रावरून काही कळेना.

त्या रोज येऊ लागल्या. मेई रजा टाकून बाईंची डायरी वाचायची, तीही आमच्याकडेच होती. चौथ्या दिवशी ती डायरी घेऊन माझ्या टेबलाशी आली, डोळे चमकत होते. बाईंनी लिहिलं होतं: 'मुलांचं टपाल हा जिवाचा प्रश्न आहे. मी प्रत्येक पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते, कधी आलं आणि कधी हातात दिलं, म्हणजे कोणी म्हणायला नको की म्हातारीने पत्र अडवलं.'

"मग पाकिटं कुठे आहेत?" मेईने विचारलं.

आणि मी काय म्हटलं असेन? "पाकिटं सहसा ठेवली जात नाहीत." ठेवली जात नाहीत म्हणे! जशी काही ती आपल्या पायांनी चालत गेली. मेईने आईला सांगितलं. लिनबाईंनी मान हलवली, माझे आभार मानले, वाकून. त्या आभारांनी मी अर्धी मेले.

घरी आले, जेवले नाही. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, तीच ना, परातीत भिजवलेली?" मी रडायलाच लागले. दुसऱ्या दिवशी रीडिंग रूम उघडायच्या आत मी दारात उभी. दोघी आल्या तशी मेईला म्हटलं, "ती पाकिटं मी फेकली. मी. मागची बाजू बघितली नाही." आणि मराठी शाळा, परात, पोस्टाची तिकिटं, सगळं सांगून टाकलं. मेईचा चेहरा दगडासारखा झाला. तिने आईला सांगितलं. लिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मुलं किती होती?"

"नऊ," मी म्हटलं.

त्या प्रश्नातून मला सुचलं की नऊ मुलं म्हणजे नऊ घरं आहेत, आणि मी अजून एकालाही विचारलेलं नाही. त्या आठवड्यात मी नऊच्या नऊ घरांना गाठलं. व्हॉट्सॲपवर आयांचे निरोप: "अय्या काकू, किती वर्षांनी!", "अल्बम? मूव्ह झालो तेव्हा डोनेट केला वाटतं." एकीने विचारलं, "काहून, काकू, त्यांची किंमत वाढली का?" आठ घरांतून नकार. नववी मुग्धा. तिचे आईवडील ती सहावीत असताना शिकागोकडे, नेपरव्हिलला गेले, ती आता तिथे डेंटिस्ट आहे. फोनवर म्हणाली, "काकू, आय नेव्हर सोक्ड माइन. तुम्ही मला रागावला होता, रिमेम्बर?"

आठवलं. पाण्यात घातलं तर पाकिटावरची अक्षरं पुसली जातील म्हणून पोर रडली होती, आणि मी म्हटलं होतं, काय हट्टी मुलगी आहे! तिने तिची दोन पाकिटं तशीच घरी नेली होती.

बेसमेंट शोधायला तिला शनिवार लागला. तिकडे बर्फ साचलेलं, आईवडिलांच्या घरापर्यंत ड्राइव्हसुद्धा धड होईना, तरी गेली. दुपारी फोटो आले. एक पाकीट दुसऱ्याच मुलाचं. दुसऱ्यावर लिनबाईंच्या वडिलांचं नाव. तारखेवरून ते त्याच शरद ऋतूतलं, आणि त्या ऋतूत त्याला पत्र आलं होतं एकच. मागे पेन्सिलीत, बारीक, नीटनेटकं: बुधवारी आलं, तो बाहेरगावी, रविवारी जेवणानंतर हातात दिलं. खाली तारखा. मी माझी नोंदवही काढली. नाव काढण्याचा अर्ज त्यानंतरच्या गुरुवारचा होता.

म्हणजे त्याने वाचलं होतं.

मी फोन पालथा ठेवला. हे म्हणाले, "सांगू नकोस. सापडलं नाही म्हण. म्हातारीचं मन कशाला मोडतेस?" मोह झाला हो! आजीने आयुष्यभर जपलेली समजूत, ती मी पुसायची? आधी पुरावा नासवला, आता सापडला तर तोही असा. पण एकदा 'ठेवली जात नाहीत' म्हणून बघितलं होतं, त्याची चव अजून तोंडात होती. बार्बराकडे जाऊन त्या संग्रहाच्या यादीत एक ओळ घालायला लावली: 'पाकिटांवर टपालाच्या तारखा होत्या, मांडणी करताना त्या न बघता पाकिटं काढून टाकली.' पुढे माझं नाव. बार्बरा म्हणाली, नाव घालायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग पद्धत पाडू.

मुग्धाने कुरिअरने पाठवलेलं पाकीट घेऊन मी लिनबाईंच्या घरी गेले. आमच्यापासून दहा मिनिटांवर, तसंच टाउनहाउस, तशाच चपला दाराशी. लिनबाईंनी मला ग्लासात गरम पाणी दिलं, त्यांच्याकडे पाहुण्याला तसंच देतात. मी पाकीट त्यांच्या समोर ठेवलं, मागची बाजू वर. मेईला इंग्रजीत सांगितलं: बुधवारी आलं, रविवारी मिळालं, गुरुवारी त्यांनी नाव काढलं. वाचल्यानंतर काढलं. मला वाईट वाटतं.

मेईने सांगितलं. मला वाटलं, आता कोसळतात. लिनबाईंनी बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग चार बोटं माझ्यासमोर धरून काहीतरी म्हणाल्या. मेईने तोंडावर हात ठेवला. मग मला सांगितलं, "आई म्हणतेय, आजीसमोर ती कधी बोलली नाही, पण तिला लहानपणापासून वाटायचं, आजोबांनी पत्र वाचलं असणार आणि उठून लगेच 'येत नाही' असं ठरवून टाकलं असणार. पण त्यांना चार दिवस लागले."

लिनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसत होता. तसा चेहरा मी पुन्हा पाहिलेला नाही. त्यांनी त्या पेन्सिलीच्या ओळीवरून अंगठा फिरवला, मेईच्या फोनमधल्या आजीच्या पत्राच्या फोटोकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आता वाच. सावकाश वाच."